थार घ्यायची की पांदण नीट करायची? पहिली फोर बाय फोर घेण्याआधी हा हिशेब करा

तीर्थपुरी (ता. घनसावंगी) : सध्या आपल्या भागात चहाच्या टपरीवर, आठवडी बाजारात, लग्नाच्या मांडवात एक विषय हमखास निघतो, तो म्हणजे गाडी. सप्टेंबरमध्ये जीएसटी उतरल्यापासून तर जास्तच. पोरांना थार पाहिजे, बापाला हप्त्याची धास्ती आहे. मला स्वतःला पुढच्या पावसाळ्याच्या आत फोर बाय फोर गाडी घ्यायची आहे. त्यामुळे गेले तीन महिने शोरूम, गॅरेज, आरटीओ एजंट आणि गाडीवाले मित्र, सगळ्यांचं डोकं खाऊन झालंय. जे कळलं ते इथं मांडतोय. कोणाचे दोन पैसे वाचले तर बरंच.

माझी गरज आधी सांगतो, म्हणजे मी हौशेपायी बोलत नाही हे कळेल. आम्ही आखाड्यावर राहतो. घरापासून डांबरीपर्यंत सातशे मीटर पांदण, सगळी काळ्या रानातून. आईचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस असतं, त्यासाठी अंबडमार्गे जालन्याला जावं लागतं. जाऊन-येऊन शंभर किलोमीटरच्या घरात. मागच्या सप्टेंबरात पावसानं मराठवाडा झोडपला, तेव्हा आमची जुनी छोटी कार पांदणीत तळापर्यंत फसली. आईला ट्रॅक्टरवर बसवून डांबरीवर आणलं, पण तोवर पुढं ओढ्याला पाणी आलेलं. त्या दिवशीची पाळी चुकली. दुसऱ्या दिवशी तिच्या पायाला आणि तोंडाला सूज होती. डायलिसिसची पाळी चुकणं काय असतं, हे ज्याच्या घरी पेशंट आहे त्यालाच ठाऊक.

आधी दिवस मोजा

गाडी बघण्याआधी मी एक काम केलं. मोबाइलमध्ये पावसाळाभर नोंदी ठेवल्या होत्या, त्या काढल्या. जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या शेवटापर्यंत ४१ दिवस असे होते, की साधी कार आखाड्यावरून निघू शकत नव्हती. म्हणजे वर्षातले ३२४ दिवस साध्या गाडीवर भागत होतं.

ऊस सुरू झाला की दुसरी अडचण येते. जोडट्रॉल्यांनी पांदणीत खोल चाकोऱ्या पडतात आणि मधला उंचवटा कारच्या पोटाला घासतो. पण ती अडचण फोर बाय फोरची नाही, उंचीची आहे. खालून उंच असलेली साधी बोलेरोसुद्धा तिथून आरामात जाते.

तुम्हीही असंच मोजा. किती दिवस अडतं आणि किती मीटर अडतं, हे दोन आकडे हाती असले की निम्मा निर्णय झाला. घर डांबरीला लागून असेल आणि शेतात जायला मोटरसायकल असेल, तर फोर बाय फोरवर तीन-चार लाख जास्त घालण्यात अर्थ नाही.

थार म्हणजे फोर बाय फोर नव्हे

ही गोष्ट आपल्याकडे अजून पुष्कळांना माहीत नाही. २०२० मध्ये नवी थार आली, तेव्हा ती सगळी फोर बाय फोर होती. जानेवारी २०२३ मध्ये कंपनीनं दोन चाकांवर चालणारी, म्हणजे फक्त मागची चाकं ओढणारी थार आणली. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. स्वस्तात मिळणारी १.५ लिटर डिझेल थार ही दोन चाकांचीच. २०२४ मध्ये आलेल्या पाच दारांच्या थार रॉक्सचंही तेच. तिच्यात फोर बाय फोर फक्त डिझेलच्या काही मॉडेलला मिळतं. स्कॉर्पिओ-एनसुद्धा डिझेलच्या ठरावीक मॉडेलमध्येच फोर बाय फोर येते.

म्हणून बुकिंग करताना तोंडी बोलण्यावर जाऊ नका, कोटेशनवर मॉडेलचं पूर्ण नाव लिहून घ्या. गाडीत बसल्यावर गिअरच्या शेजारी दुसरा छोटा दांडा आहे का ते बघा. थारला आणि जिम्नीला तो असतो. काही महागड्या गाड्यांना दांड्याऐवजी बटण असतं.

ट्रॅक्टरवरून समजून घ्या

ही यंत्रणा शेतकऱ्याला शिकवायची गरजच नाही. ट्रॅक्टरला हाय-लो असतं, तसंच या गाड्यांना असतं. टू-एच म्हणजे रोजचं डांबरीवरचं चालणं. फोर-एच म्हणजे चारही चाकांना ताकद, ओल्या मुरमावर, वाळूत किंवा हलक्या चिखलात. फोर-एल म्हणजे ट्रॅक्टरचा लो. वेग कमी आणि ओढ जास्त, फसलेली गाडी काढायला किंवा चढ-उतारावर.

दुसरं ट्रॅक्टरचंच उदाहरण. एक चाक जागेवर गरगर फिरायला लागलं की आपण पायानं डिफरन्शियल लॉक दाबतो. गाडीतही तेच होतं. फोर बाय फोर असली तरी पुढचं एक आणि मागचं एक चाक हवेत किंवा गाऱ्यात असलं, की ताकद तिथंच वाया जाते. फोर्स गुरखाला पुढचं आणि मागचं दोन्ही लॉक मिळतं, ते ड्रायव्हरच्या हातात असतं. थारच्या काही मॉडेलला मागचं लॉक मिळतं. जिम्नी फिरणाऱ्या चाकाला आपोआप ब्रेक लावून ताकद दुसऱ्या चाकाकडं देते.

तीन गोष्टी मात्र पक्क्या ध्यानात ठेवा.

एक, कोरड्या डांबरीवर या गाड्या फोर-एचमध्ये पळवायच्या नाहीत. वळणावर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, तिथं यंत्रणेवर ताण येतो आणि खर्च मोठा निघतो.

दोन, फोर बाय फोरनं गाडी निघते, थांबत नाही. ब्रेक सगळ्या गाड्यांना चारच चाकांचे असतात. ओल्या रस्त्यावर फोर बाय फोरही तेवढीच घसरते.

तीन, काळ्या रानात टायरच महत्त्वाचा. कंपनीचा बारीक नक्षीचा रस्त्याचा टायर दहा फुटांत गाऱ्यानं भरतो आणि मग चारही चाकं नुसती फिरतात. ऑल टेरेन प्रकारचा टायर डांबरी आणि पांदण दोन्हीला बरा पडतो. निव्वळ चिखलाचा टायर ओल्या डांबरीवर ब्रेकला कमी पडतो आणि आवाजही करतो. रोज जालना-अंबड करणाऱ्यानं तो घेऊ नये. टायरचं माप कंपनीनं दिलंय तेच ठेवा, मोठे टायर टाकले तर पोलीस आणि विमा दोन्हीकडं अडचण येते.

जीएसटीचा फायदा कोणाला झाला?

२२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांवरचा जीएसटी बदलला. चार मीटरच्या आतली गाडी आणि पेट्रोल १२०० सीसीपर्यंत किंवा डिझेल १५०० सीसीपर्यंत इंजिन असेल तर १८ टक्के. त्याच्या वर सरसकट ४० टक्के, वेगळा सेस नाही.

आता गंमत बघा. दोन चाकांच्या थारचं डिझेल इंजिन १५०० सीसीच्या आत आहे. तिचा कर ३१ वरून १८ वर आला. फोर बाय फोर थारचं डिझेल इंजिन २२०० सीसीच्या जवळ, तिचा कर ४८ वरून ४० वर. कंपनीनं तेव्हा दर कमी केले, त्यात दोन चाकांची डिझेल थार १ लाख ३५ हजारांपर्यंत उतरली आणि फोर बाय फोर १ लाख १ हजारापर्यंत. जिम्नीची लांबी चार मीटरच्या आतच आहे, पण पेट्रोल इंजिन १४६२ सीसीचं असल्यामुळे तीही ४० टक्क्यांतच राहिली. आधी ४५ होता.

म्हणजे कर उतरला, तरी साधी गाडी आणि फोर बाय फोर यांच्यातलं अंतर कमी झालं नाही, उलट वाढलं. त्याच बदलात ट्रॅक्टर १२ वरून ५ टक्क्यांवर आला, ते चांगलंच झालं. पण ज्याच्या घराला रस्ता नाही त्याच्यासाठी फोर बाय फोर ही चैन नाही. कराच्या तक्त्यात मात्र ती चैनीच्याच रांगेत उभी आहे.

ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी थार आली तेव्हाचे दर बघा. दोन चाकांची डिझेल थार वरच्या मॉडेलमध्ये १२ लाखांच्या थोडी पुढं, तर फोर बाय फोर डिझेल साडेपंधरा लाखांच्या आसपास. हे शोरूमचे दर. त्यावर रोड टॅक्स. महाराष्ट्रात १० ते २० लाखांच्या डिझेल गाडीला १४ टक्के आणि पेट्रोलला १२ टक्के. म्हणजे दोन थारमधला फरक टॅक्स धरून पावणेचार लाखांच्या घरात जातो. माझ्यासारख्याला ४१ दिवसांसाठी पावणेचार लाख. ज्याचे दिवस दहा असतील, त्यानं काय करावं हे वेगळं सांगायला नको.

कोणती गाडी कोणाला?

जिम्नी : जून २०२३ मध्ये आली. सगळी मॉडेल फोर बाय फोर, लो गिअरसह. वजन बाराशे किलोच्या आसपास, रुंदी १६४५ मिलिमीटर. हलकी असल्यामुळे काळ्या रानात कमी खचते आणि बाभळीच्या दोन रांगांतून सरपटत निघून जाते. सहा एअरबॅग सगळ्यांना. मात्र डिझेल नाही, मागं सामानाला जागा कमी आणि भरलेली गाडी चढाला दम टाकते. खताची पोती वाहायची असतील तर ही गाडी तुमची नाही.

थार तीन दारी : नाशिकला बनते, डिझेल आहे, ओढ दांडगी. खालची उंची २२६ मिलिमीटर, जिम्नीची २१०. गाडी जिम्नीपेक्षा सुमारे अर्धा टन जड, रुंदीलाही जास्त. मागच्या सीटवर जायला पुढची सीट वाकवावी लागते. पोरासोरांना चालतं, म्हाताऱ्या माणसाला नाही.

थार रॉक्स आणि स्कॉर्पिओ-एन : घर मोठं असेल, लांबचा प्रवास असेल तर उत्तम. पण स्कॉर्पिओ-एनची रुंदी १९०० मिलिमीटरच्या वर आहे. आठ फुटी पांदणीत समोरून बैलगाडी आली तर मागं कुठवर जाणार, हा विचार आधी करा.

गुरखा : चिखलाला, पाण्याला आणि दगडाला सगळ्यात तयार. रोजच्या डांबरीला मात्र जड आणि सावकाश.

राहिल्या मोठ्या कंपन्यांच्या ‘ऑल व्हील ड्राइव्ह’ लिहिलेल्या शहरी गाड्या. त्यांची चारही चाकं ओढतात, पण बहुतेकांना लो गिअर नसतो. ओल्या मुरमाला चालतील, गुडघाभर गाऱ्याला नाही.

मी आईला घेऊन दोन्ही गाड्या बघायला गेलो. डायलिसिस झाल्यावर तिच्या अंगात त्राण नसतं. थारमध्ये चढताना तिला दोघांनी धरावं लागलं. जिम्नीत ती दांडा धरून एकटी बसली. माझा निर्णय तिथं झाला. ओढ, सीसी, टर्बो हे सगळं नंतर. गाडीत रोज बसणारं माणूस सोबत न्या आणि त्याला चढ-उतार करायला लावा. आणि शक्य असेल तर टेस्ट ड्राइव्हची गाडी शोरूमपुढच्या डांबरीवर न चालवता आपल्या पांदणीवर मागा. दोघातिघांनी मिळून विचारलं तर गावात गाडी आणतातही.

हप्ता महिन्याला, बिल वर्षाला

बारा लाखांचं कर्ज साडेनऊ टक्क्यांनी सात वर्षांसाठी घेतलं, तर हप्ता १९ हजार ६०० रुपयांच्या आसपास बसतो. सात वर्षांत बारा लाखांचे साडेसोळा लाखांच्या जवळ जातात. नोकरदाराला ते जमतं, त्याचा पगार एक तारखेला येतो. आपलं उसाचं बिल, कापूस, मोसंबी, सगळं हंगामाला येतं आणि सप्टेंबरसारखा पाऊस झाला तर तेही येत नाही. हप्ता मात्र वाहून जात नाही. ट्रॅक्टरच्या कर्जाला सहामाही हप्ता मिळतो, तसा गाडीला मिळतो का हे दोन-तीन ठिकाणी विचारा. तीन हप्ते थकल्यावर गाडी ओढून नेली, अशी उदाहरणं आपल्याच भागात आहेत. तेव्हा लाज वाटण्यापेक्षा आधी विचारलेलं बरं.

तेलाचा हिशेब वेगळा. मला वर्षाला पंधरा हजार किलोमीटर पडतात. बाराचा ॲव्हरेज आणि डिझेल ९२ रुपये धरलं तर वर्षाला १ लाख १५ हजार. मोटरसायकलवर हेच तीस-बत्तीस हजारांत होतं. म्हणून माझं मत असं, की मोटरसायकल विकू नका. बातमीला, बाजाराला, शेतात तीच बरी.

जुनी घेताना

नवी झेपत नसेल तर दोन-तीन वर्षं चाललेली घेणं शहाणपणाचं, मीही तेच बघतोय. गाडी मऊ जमिनीवर नेऊन फोर-एच आणि फोर-एल दोन्ही पडतात का ते स्वतः बघा. कित्येक गाड्यांना तो दांडा वर्षानुवर्षं कोणी हलवलेलाच नसतो. खाली झोपून चेसिस वाकलंय का, गिअरबॉक्सच्या मागच्या डब्यातून आणि दोन्ही डिफरन्शियलमधून तेल गळतंय का ते बघा. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा. आतल्या टोकाला गाळाचा डाग दिसला तर ती पुरातली गाडी समजा, कितीही स्वस्त असली तरी हात जोडून परत या.

दिल्लीकडच्या स्वस्त डिझेल गाड्यांच्या जाहिराती मोबाइलवर खूप येतात. तिथं दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंधनं आली म्हणून त्या स्वस्त आहेत. तिथल्या आरटीओची एनओसी, इथला रोड टॅक्स आणि एमएच २१ पासिंग हे सगळं धरून दर काढा. मग स्वस्ताई किती उरते ते बघा.

पाण्यात ताकद चालत नाही

सप्टेंबरच्या शेवटी जायकवाडीतून दोन लाख क्युसेकच्या पुढं पाणी सुटलं आणि गोदाकाठच्या गावांनी काय भोगलं ते आपण पाहिलंय. फोर बाय फोर असली की माणसाला नळकांडी पुलावरच्या पाण्यात गाडी घालायचा मोह होतो. कंपनी थारसाठी साडेसहाशे मिलिमीटर पाण्याचा आकडा सांगते, पण तो साचलेल्या पाण्याचा, वाहत्या ओढ्याचा नाही. वाहतं पाणी फूटभर असलं तरी छोटी गाडी सरकवतं, दोन फूट असलं तर मोठीही नेतं. पुलाचा कठडा दिसत नसेल तर गाडी कोणतीही असो, अलीकडंच थांबायचं. इंजिनात पाणी गेलं तर साध्या विम्यात ते बहुधा बसत नाही, इंजिन प्रोटेक्शन वेगळं घ्यावं लागतं. ते घ्याच.

आणि हे आईच्या बाबतीतही खरं आहे. फोर बाय फोर असती तरी त्या दिवशी आम्ही ओढ्याच्या अलीकडंच अडकलो असतो. म्हणून पुढच्या पावसाळ्यात मोठ्या पावसाचा इशारा आला की आईला आदल्या दिवशीच जालन्यात पाहुण्यांकडं नेऊन ठेवायचं ठरवलंय. त्याला कर्ज लागत नाही.

रस्त्याचा अर्ज मागे घेऊ नका

शेवटचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. गावात एकेकानं फोर बाय फोर घेतली की त्याचा पांदणीसाठीचा आवाज बंद होतो. त्याचं भागतं ना. मग उरतात ज्यांच्याकडं गाडी नाही ते, आणि त्यांचा अर्ज कोणी वाचत नाही.

मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना २०२१ मध्ये आली, तिच्यात रोजगार हमीतून पांदणीची कामं घेण्याची सोय ठेवली होती. मे २०२५ मध्ये महसूल विभागानं शेतरस्ता शक्यतो तीन ते चार मीटर रुंद द्यावा आणि त्याची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कात घ्यावी असा निर्णय काढला. बांधावरून नवा रस्ता मागायचा असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली, आणि असलेला रस्ता कोणी अडवला असेल तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या कलम ५ खाली तहसीलदारांकडं अर्ज करता येतो. वकील लागतोच असं नाही. नकाशा, दोन्ही बाजूंचे सातबारे आणि बांधकऱ्यांची नावं जोडा, पोच घ्या आणि तारखेला हजर राहा.

आमच्या पांदणीवर अकरा घरांची वहिवाट आहे. आम्ही नऊ जणांनी अर्जावर सह्या केल्यात, दोघांची समजूत काढणं चालू आहे. गाडीचा आणि साध्या गाडीचा जो पावणेचार लाखांचा फरक आहे, तो अकरा घरांवर वाटला तर घरटी चौतीस हजार होतात. आपल्या गावच्या हायवाच्या भाड्यानं तेवढ्या पैशात किती मुरूम पडतो, हा हिशेब ज्याचा त्यानं लावावा. सरकारी काम येईपर्यंत सगळ्यात खराब शंभर-दोनशे मीटर तरी नक्की उचलले जातात.

उसाचं बिल आलं की मी जुनी जिम्नी बघणार आहे, कारण जून माझ्यासाठी थांबणार नाही आणि आईची पाळीही थांबणार नाही. पण शेजारच्या आखाड्यावर एक सून सात महिन्यांची गरोदर आहे, आणि त्यांच्याकडं मोटरसायकलसुद्धा नाही. माझी गाडी रात्री-अपरात्री तिच्यासाठीही निघेल, हे मी त्यांना सांगून ठेवलंय. तरी अर्जाची तारीख आहे त्या दिवशी मी तहसीलला जाणार आहे. तुमच्याही पांदणीचा अर्ज पडून असेल तर त्याचा नंबर शोधून काढा, पावसाळ्याला फार दिवस राहिलेले नाहीत.